यमुनाबाईंचा ळ

“आधी तू म्हणून दाखव, टांटे यमुना.”

चार वर्षांची माली बाकावर पाय हलवत बसली होती. यमुनाबाईंना ती जर्मन पद्धतीने टांटे, म्हणजे मावशी म्हणे. एका पायातला बूट खाली पडला होता आणि तो शोधायचं तिच्या मनातही नव्हतं. यमुनाबाईंनी चष्मा वर सरकवला, वहीतल्या शब्दावर बोट ठेवलं आणि आजवर म्हणत आल्या होत्या तसाच तो म्हटला.

“ळे.”

“ळे,” माली म्हणाली आणि लगेच मान हलवली. “पण माझी मामा असं नाही म्हणत. मामा मांजरासारखं करते.” तिने जीभ टाळूला लावून दोन्ही गालांतून वारा सोडला. अंगावर पाणी पडलेल्या मांजराने फिस्कारावं तसा आवाज झाला.

“तुझ्या आईचं बरोबर आहे. ती म्हणते तसंच म्हणायचं.”

“मला तुझं आवडतं.”

“आवडीचा प्रश्न नाही, बाळा.”

“मग मी आपलं तीन शब्दांचंच म्हणते.”

यमुनाबाईंनी सुस्कारा सोडला. तीन शब्दांचं म्हणजे देव प्रेम आहे एवढंच सांगणारं वचन. आळशी मुलांचा सगळा भरवसा त्याच्यावर. वेल्श भाषेत त्याचे तीन शब्द होतात, जर्मनमध्ये तीन, इंग्रजीत तीन आणि मराठीतही तीनच. साठ वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या बोर्डिंगात, रविवारी सकाळी वचन पाठ नसलं की यमुनाबाईंनीही तेच म्हटलं होतं. आणि प्रॉसर मिससाहेबांनी चष्म्यावरून बघत म्हटलं होतं, “यमुना, देवाने एवढा मोठा ग्रंथ लिहून घेतला, तो काय तू तीन शब्द वाचावेस म्हणून?”

प्रॉसर मिससाहेब वेल्श होत्या. वेल्स कुठे आहे हे बोर्डिंगातल्या एकाही मुलीला ठाऊक नव्हतं. मुलींना वाटे, मिससाहेबांचं माहेरचं आडनाव वेल्स असेल. पाचशे कोसांत त्यांची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. भाषेचं एक वेळ निभलं असतं, पण त्यांच्या गावच्या गाण्यांना दोन आवाज लागत, आणि दुसरा आवाज आणायचा कुठून? म्हणून त्यांनी यमुनेला धरलं. एका वहीत चार गाणी आणि काही वचनं देवनागरीत लिहून दिली. त्यांच्या भाषेत एक अक्षर असं होतं की जीभ ल म्हणायच्या जागी ठेवायची आणि नुसता वारा सोडायचा. ते लिहायचं कसं? मिससाहेबांनी बराच विचार केला आणि ळ लिहिला.

“बाई, पण हे तसं नाहीये,” यमुना म्हणाली होती.

“माहीत आहे. मला तुमचा ळ येत नाही, तुला माझा येणार नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत असं समज. परक्या माणसाला दोघेही दाद देत नाहीत.” मिससाहेब ‘बाळ’ म्हणायच्या तेव्हा त्या शब्दाच्या शेवटी मांजरच फिस्कारायचं.

ती वही आता मालीच्या मांडीवर होती. पानं तपकिरी झालेली, कडेला चिकटपट्टी. पुढे छापील पुस्तकं आली, पण यमुनाबाई वर्गाला येताना वही आणायच्याच.

यमुनाबाई एकाहत्तर-बाहत्तरच्या होत्या. बाविसाव्या वर्षी नर्स म्हणून हॅम्बर्गला आल्या, भास्करशी लग्न झालं, मुलगा अनुप झाला, सदतीस वर्षं रुग्णालयात पाळ्या केल्या. भास्कर बंदरातल्या फेरीबोटींच्या दुरुस्तीला होते. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. सांगण्यासारखं आयुष्यात एवढंच, असं त्या स्वतःच म्हणत. त्याखेरीज होती ती ही शाळा: फिंकेनवेर्डरला नदीकाठच्या एका जर्मन चर्चची मागची खोली, दर रविवारी साडेनऊ ते साडेदहा.

इथे वेल्श माणसं आली ती विमानांमुळे. विमानाचे पंख तिकडे वेल्समध्ये तयार होतात आणि जोडायला इकडे येतात, पंखांच्या मागोमाग फिटर, इंजिनियर आणि त्यांची बायकामुलं. चौतीस वर्षांपूर्वी एका रविवारी यमुनाबाई रात्रपाळी संपवून फेरीबोटीने भास्करला डबा द्यायला आल्या होत्या. या खोलीच्या खिडकीतून मिससाहेबांच्या चार गाण्यांतलं दुसरं गाणं ऐकू आलं. त्या तशाच आत गेल्या. सगळे बसलेले, जागा दिसेना. पुढे व्यासपीठाच्या खाली, लोकांकडे तोंड केलेलं एक लांब बाक अर्धं रिकामं होतं. पाहुण्यांसाठी असेल, असं समजून त्या तिथे जाऊन बसल्या. डब्याची पिशवी मांडीवर.

ते होतं मंडळीच्या वडिलांचं, म्हणजे चर्चच्या एल्डरांचं बाक. वेल्श लोक त्याला मोठं आसन म्हणतात. मंडळीने निवडून दिलेली माणसंच तिथे बसायची. त्या दिवशी तिथे तीन म्हातारे होते आणि चौथ्या यमुनाबाई, सांबाराच्या वासासकट. कुणी उठवलं नाही. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी दुसरा आवाज लावला, आणि पहिल्याच ळ ला पहिल्या रांगेतल्या पोरांच्या माना वळल्या. दर वर्षी नाताळाच्या जेवणाला ही गोष्ट कुणी ना कुणी सांगायचंच.

पुढच्याच महिन्यात लहान मुलांचा वर्ग त्यांच्याकडे आला. इतर कुणाला सकाळी लवकर उठायचं नव्हतं, हेही त्याचं एक कारण होतं. म्हणून वेल्श आईबापांची पोरं नगरच्या बाईकडून वेल्श वचनं शिकू लागली. वर्गातली मुलं पुढे कुठे कुठे गेली. त्यातलं कुणी वेल्सला शिकायला गेलं की तिकडची माणसं विचारायची, “हे अक्षर असं म्हणायला तुला कोणी शिकवलं रे?”

तिथून ‘हॅम्बर्गचा ळ’ हा शब्द निघाला. यमुनाबाईंना तो आवडायचा. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी मालीच्या आईने पाळकबाईंकडे तक्रार केली. अगदी सौम्य शब्दांत. मुलं आधीच घरी जर्मनमध्ये उत्तरं देतात, जी थोडी भाषा उरली आहे ती तरी शुद्ध कानावर पडावी. म्हणणं खोटं नव्हतं. यमुनाबाईंनी दोन महिने स्नानगृहाच्या आरशासमोर फिस्कारून पाहिलं. एकदा सून प्रिया दारातून म्हणाली, “आई, तुम्हाला दम लागलाय का?” त्या दिवसापासून त्यांनी नाद सोडला. ते अक्षर आलं की मुलांना म्हणायच्या, घरी विचारून या.

आज मात्र वेगळा रविवार होता. नेरिस पाळकबाई महिन्याभरात निवृत्त होऊन वेल्सला परतणार होत्या, आणि तिकडून नवा पाळक येणार नव्हता. आता उपासना चालवायची, वचन वाचायचं, शाळा सांभाळायची ती वडिलांनीच. बाकावर उरल्या होत्या एकट्या ग्वेनबाई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. म्हणून आज निवडणूक होती. चिठ्ठीवर दोन नावं: मालीचा बाप एमिर, आणि यमुना.

“आई, एक सांगू?” सकाळी फेरीबोटीवर प्रिया म्हणाली होती. पुण्याची मुलगी, चर्चची सभासद नव्हती, पण पावसात सासूबाईंना एकटं पाठवायला तयार नसे. आणि इथल्या मनुकांच्या पावावर तिचा जीव होता. “मराठीत एल्डरला वडीलच म्हणतात ना? म्हणजे तुम्ही निवडून आलात की आई आणि वडील दोन्ही तुम्हीच. अनुपला सांगते, आता वेगळा फादर्स डे.”

“चेष्टा पुरे.”

“चेष्टा नाही. तुम्हाला हवंय ना ते बाक?”

यमुनाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. हवं होतं. खूप हवं होतं, आणि एवढं हवं असण्याची लाज वाटत होती. प्रॉसर मिससाहेबांनी एक शाळा, एक बोर्डिंग आणि अर्धा दवाखाना चालवला. पण मिशन कंपाउंडातल्या चर्चमध्ये वडिलांच्या बाकावर पुरुष बसायचे, आणि मिससाहेब मुलींबरोबर खाली सतरंजीवर, गुडघा दुखायचा म्हणून एक पाय लांब करून. तो लांब केलेला पाय, त्याच्यातला तो रफू केलेला मोजा यमुनाबाईंना अजून दिसे.

“बघू,” त्या म्हणाल्या.

“आल्झो, तर मग बघू नाही. स्वतःला मत द्यायचं. इथे चालतं. सगळे देतात.”

“हो गं बाई.”

साडेदहाला घंटा झाली. मुलं रांगेने पुढे गेली, बाकासमोर उभी राहिली. हा वेल्श मंडळीचा जुना रिवाज: वडिलांकडे तोंड करून एकेकाने वचन म्हणायचं. माली शेवटची. तिने यमुनाबाईंकडे पाहिलं, मग आईकडे, मग बिनबुटाच्या पायाकडे, आणि तीन शब्द म्हणून मोकळी झाली. त्यात एकही ळ नव्हता. ग्वेनबाईंनी तिला खडीसाखरेसारखी एक पेपरमिंट दिली.

मग चिठ्ठ्या वाटल्या. नेरिसबाईंनी समजावून सांगितलं: प्रत्येक नावापुढे चौकोन आहे, दोघांनाही खूण करता येईल, एकालाही करता येईल. हजर सभासद एकतीस. वडील व्हायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे एकवीस.

यमुनाबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. एमिरच्या नावापुढे खूण केली. एमिर पाच वर्षांचा असताना त्यांच्या वर्गात आला होता. त्याचा बाप पंखांचा फिटर. पोरगा पहिले तीन रविवार रडला, चौथ्या रविवारी त्यांच्या मांडीवर झोपला. शिकायला वेल्सला गेला तिथे त्याच्या ळ ला इतके हसले, की सहा महिन्यांत त्याने तो घासून पुसून टाकला. बायको घेऊन परत आला तेव्हा त्याचं वेल्श ऐकून ग्वेनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यमुनाबाईंच्याही आलं होतं. कारण वेगळं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

खालचा चौकोन राहिला. यमुना, आणि पुढे रिकामी जागा. पेन्सिल तिथपर्यंत गेली. घरात पंगत बसलेली असावी, वाढपी अजून लांब असावा, आणि आपणच भांड्यात हात घालून आपल्या पानात वाढून घ्यावं, असं काहीतरी त्यांना झालं. मंडळीला वाढायचं असेल तर मंडळी वाढेल. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली.

चिठ्ठ्या स्वयंपाकघरात मोजल्या. मोजायला नेरिसबाई आणि ग्वेनबाई. तोवर चहा झाला. प्रियाने मनुकांच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले आणि चौथा सासूबाईंसाठी म्हणून बशीत घेतला. नेरिसबाई बाहेर आल्या, चष्मा हातात. रिवाजाप्रमाणे आकडे सांगत नाहीत, नाव सांगतात. त्यांनी एकच नाव सांगितलं. एमिर.

टाळ्या झाल्या. यमुनाबाईंनीही वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्यावर आणखी दोनदा. मालीची आई टाळ्या वाजवत होती, पण बघत खाली होती.

“काहीतरी चुकलंय,” प्रिया मराठीत पुटपुटली. “चौतीस वर्षं यांची पोरं सांभाळली. आणि आता यांना एक अक्षर जड झालं?”

“हळू बोल. चहा सांडेल.”

“मराठीत बोलतेय, कुणाला कळणारे?”

“चेहऱ्यावरून कळतं.”

ग्वेनबाई काठी टेकत त्यांच्या टेबलापाशी आल्या. त्या यमुनाबाईंशी जर्मनमध्ये बोलत, जीव भरून आला की मधूनच वेल्श. “यमुना बाख,” त्या म्हणाल्या. बाख म्हणजे वेल्शमध्ये लाडकी, लहानगी. जर्मनमध्ये बाख म्हणजे ओढा. भास्कर म्हणायचे, एवढ्या मोठ्या नदीचा या लोकांनी ओढा करून टाकला. “यमुना बाख, सांगायचं नसतं, पण मी म्हातारी आहे, मला कोण रागावणार? वीस होती. एक कमी पडलं. एकच.”

प्रियाने बशी खाली ठेवली. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“आई.”

“काय?”

“अहो आई! तुम्ही स्वतःला मत दिलंत की नाही?”

यमुनाबाई पावावरच्या मनुका बोटाने बाजूला करत बसल्या.

“सांगा ना. दिलं?”

“स्वतःच्या पानात स्वतः वाढून घेतात का गं?”

“देवा!” प्रियाने कपाळाला हात लावला. “अहो, ही पंगत नाही, निवडणूक आहे! सकाळी तुम्ही मला हो म्हणालात!”

“तेव्हा हो म्हणायचंच होतं. पेन्सिल हातात आल्यावर जमलं नाही.”

ग्वेनबाईंना मराठी येत नव्हती. पण कपाळावरचा हात कुठल्याही भाषेत कळतो. त्या वळल्या आणि नेरिसबाईंना घेऊन आल्या. नेरिसबाई यमुनाबाईंच्या शेजारी बसल्या.

“एका चिठ्ठीवर एमिरच्या नावापुढे तेवढी खूण होती, अगदी बारीक,” त्या म्हणाल्या. “नर्स तक्त्यावर करते तशी. माझ्या लक्षात यायला हवं होतं. यमुना, मी अजून महिनाभर आहे. पुढच्या रविवारी पुन्हा मत घेता येईल. नियमात बसतं. तू फक्त हो म्हण.”

यमुनाबाईंनी पुढे पाहिलं. मोठं आसन रिकामं होतं. बाकाच्या ज्या टोकाला त्या चौतीस वर्षांपूर्वी डबा घेऊन बसल्या होत्या, तिथलं पॉलिश अजून बरं होतं. पुढच्या रविवारी एकवीस झाली असती. कदाचित पंचवीस, लाजेखातर.

आणि त्यांना ते वीस आठवले. आत्ता ज्यांनी खूण केली होती ते वीस. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तरी त्यांनी नगरच्या बाईच्या नावापुढे खूण केली होती.

“नको,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे एकदा पंगत उठली की पुन्हा बसत नाहीत.”

“हे तुझं शेवटचं?”

“गेनाऊ, अगदी शेवटचं. आणि मुलांचा वर्ग काही मतावर नाही ना? तो माझा राहू दे. मालीच्या आईची हरकत नसेल तर.”

नेरिसबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. नदीवरून बोटीचा भोंगा झाला.

“साडेबाराची गेली,” प्रिया म्हणाली. “आता दीडशिवाय नाही.”

“मग बसू. अजून वाचन आहे.”

नव्या वडिलाने त्याच दिवशी पहिलं वाचन करायचं, असा रिवाज होता. चहानंतर सगळे पुन्हा जागेवर गेले. यमुनाबाई नेहमीच्या दुसऱ्या रांगेत, मुलांच्या मधोमध. माली त्यांच्या कुशीत घुसली. तोंडात पेपरमिंट, पायात आता दोन्ही बूट, पण उलटे. मालीची आई पलीकडच्या टोकाला. तिने मान झुकवून यमुनाबाईंकडे पाहिलं, आणि मालीचा कोट त्यांच्याकडे सरकवला. गार वाटलं तर, अशा अर्थाने.

एमिर पुढे गेला. चाळिशीला टेकलेला, उंच, मानेजवळचे केस दाढी करताना राहून गेलेले. तो मोठ्या आसनावर बसला. त्याने ते टोक सोडलं आणि मधे बसला. मग उठला, पुस्तक उघडलं. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. पाच वर्षांचा असताना वचन म्हणायला उभा राहिला की अशीच लाल व्हायची.

यमुनाबाईंच्या हाताला सवयीने वही लागली. वाचन कुठलं आहे ते त्यांना माहीत होतं. मिससाहेबांनी तेच वचन तिसऱ्या पानावर उतरवून दिलं होतं. पहिल्याच ओळीत तो शब्द होता, सकाळी मालीने म्हणायला लावला होता तो. त्याचा अर्थ जागा.

एमिरने सुरुवात केली. त्याचं वेल्श सुरेख होतं, गुळगुळीत. दोन शब्द, तीन शब्द. मग तो थांबला. पुस्तकातून वर पाहिलं, दुसऱ्या रांगेकडे.

“ळे,” तो म्हणाला.

अगदी स्वच्छ. टाळूवर आपटून. नगरचा.

कुणीतरी मागे खाकरलं. ग्वेनबाईंची काठी जमिनीवर एकदा वाजली. मालीची आई ताठ बसली. मग तिने ओठ आत घेतले, आणि ते हसू होतं की काय ते यमुनाबाईंना नीट दिसलं नाही, कारण चष्म्याला काहीतरी झालं होतं.

माली त्यांच्या कानाशी आली. पेपरमिंटचा वास आला.

“पापा चुकला?”

“हो,” यमुनाबाई पुटपुटल्या. “चुकला.”

“मामाला सांगू?”

“नको. ऐक तू.”

एमिर पुढे वाचत होता. यमुनाबाईंनी चष्मा पदराला पुसला, वही मालीच्या मांडीवर सरळ केली आणि मिससाहेबांच्या अक्षरावर बोट ठेवलं. पुढचा ळ तिसऱ्या ओळीत होता. त्या थांबून राहिल्या.